आउटबोर्डचा बोल्ट सुटत नाही? डोकं तुटायच्या आधी हे एकेक करून बघा

इंपेलर (इंजिन गार ठेवायला पाणी ओढणारं रबरी चाक) बदलायला आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाचा, खालचा गिअरचा भाग उतरवायला घेतला, दहा नाहीतर बारा नंबरचा पाना लावला आणि बोल्ट जागचा हलत नाही, हे आमच्याकडे मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात घरोघरी चालू असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, इंजिनं पडवीत लाकडी घोड्यावर टांगलेली, आणि सगळ्यांना त्याच दोन महिन्यांत कामं उरकायची असतात. मी गेली बरीच वर्षं घरच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ८ ते ४० हॉर्सपॉवरच्या इंजिनांचे असले जाम बोल्ट काढतोय, सुरुवातीला तोडलेही बरेच, आणि आता जे तुटत नाहीत ते कशामुळे तुटत नाहीत तेवढंच इथे लिहितोय.

आधी लक्षणं, कारण प्रत्येक बोल्ट एकाच कारणानं अडकलेला नसतो.

डोक्याच्या कडेनं पांढरी पिठासारखी भुकटी, आजूबाजूचा रंग फुगलेला, म्हणजे स्टेनलेसचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमची बॉडी यांच्यात खाऱ्या पाण्यानं काम केलंय. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, झाली की छोटी बॅटरी तयार, आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. झिजून जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून ती बोल्टला चारी बाजूंनी आवळून धरते. आमच्याकडच्या दहातल्या नऊ केस ह्याच असतात.

तांबूस गंज दिसत असेल तर बोल्ट साधा लोखंडी आहे, हा तेलाला लवकर दाद देतो. पाना फिरवल्यावर बोल्ट थोडा फिरल्यासारखा वाटतो आणि पाना सोडला की रबरासारखा परत जागेवर येतो, तर तो फिरत नाहीये, पिळला जातोय. इथेच थांबायचं. पुढच्या जोराला डोकं हातात येणार हे नक्की समजा. बोल्ट गोल गोल फिरतो पण बाहेर येत नाही, तर आतले आटे गेलेत, मग डोक्याखाली चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून वर उचलत उचलत फिरवावा लागतो. आणि फिरताना कुईं कुईं असा आवाज येत असेल तर ते चांगलं लक्षण आहे, बोल्ट हलतोय, फक्त घाई करू नका.

आता एक हिशोब सांगतो, तो डोक्यात पक्का बसला की निम्मे बोल्ट वाचतात. दहा नंबरचं डोकं म्हणजे बहुतेक वेळा ६ एमएमचा बोल्ट. तो बसवताना साधारण ८ ते १० न्यूटन मीटरला आवळतात आणि साधा स्टेनलेसचा ६ एमएम बोल्ट १३ ते १५ च्या आसपास तुटायला लागतो. सहा इंची पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर दिला की १५ न्यूटन मीटर होतात. १० किलो म्हणजे काय, पाण्याची अर्धी बादली उचलायला लागतो तेवढा जोर. म्हणजे दोन्ही हात लावून, पान्याला पाइप अडकवून काढायची ही वस्तूच नाहीये. ८ एमएमचा बोल्ट, ज्याचं डोकं जपानी इंजिनांत बारा नंबरचं असतं, तो ह्याच्या दुपटीहून जास्त सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे. जोर वाढवून बोल्ट निघत नाही, पकड सैल करून निघतो.

फुकटात होणारं आधी बघा. तुम्ही उलट्या दिशेला तर फिरवत नाही ना? इंजिन टांगलेलं असतं, बोल्ट खालून वर गेलेला असतो, आपण वरून वाकून बघत असतो, आणि घड्याळाची दिशा उलटी होते. माझ्यासमोर चांगला अनुभवी माणूस अर्धा तास बोल्ट आवळत बसला होता. बोल्टच्या डोक्याच्या बाजूला तोंड करून बघा आणि मग डावीकडे फिरवा. दुसरं, बोल्ट सगळे निघालेत पण खालचा भाग सुटत नाही अशी तक्रार असेल तर काही इंजिनांत एक बोल्ट पंख्याच्या वरच्या छोट्या जस्ताच्या पात्याखाली लपलेला असतो, तो राहिलेला असतो, किंवा गिअरची दांडी सोडवलेली नसते. तिथे छिन्नी घालून ठोकाल तर बॉडीचा काठ जाईल.

मग साफसफाई. तारेच्या ब्रशनं डोकं आणि कडा घासा, आणि नुसत्या पाण्याऐवजी कढत गोडं पाणी दोन-चार वेळा ओता. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं, त्यामुळे आधी पाणी आणि वाळल्यावर तेल, हा क्रम उलटा केला तर तेल मिठाच्या वरच बसून राहतं. ज्या बोल्टांना आतून सहा कोनी खड्डा असतो त्या खड्ड्यात रंग आणि वाळू घट्ट बसलेली असते, ती दाभणानं खरवडून काढा, अ‍ॅलन की तळापर्यंत गेली पाहिजे. अर्धी गेलेली की खड्डा गोल करते आणि मग सोपं काम अवघड होऊन बसतं.

पाना कुठला लावताय हे त्याच्याइतकंच महत्त्वाचं. डी पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा, अजिबात नको, तो दोनच बाजूंना धरतो. बारा कोनी रिंग पण जाम बोल्टला नको, सहा कोनी गोटी (सॉकेट) घ्या, ती डोक्याच्या सपाट बाजूंवर बसते, कोपऱ्यांवर नाही. गोटी लावल्यावर ती हलता कामा नये. डोकं आधीच थोडं गोल झालं असेल तर ३/८ इंची गोटी हातोडीनं ठोकून बसवा, ती साडेनऊ एमएमची असते, दहाच्या गोल झालेल्या डोक्यावर कच्चून बसते आणि बऱ्याचदा एवढ्यानंच काम होतं. कार्बोरेटरवरचे आणि कव्हरांवरचे प्लसचे स्क्रू जपानी इंजिनांत जपानी मापाचे असतात, दिसायला साध्या प्लससारखेच पण आपला नेहमीचा प्लस त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर चढून खाच खाऊन टाकतो. जपानी मापाचा एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ठेवा, महाग नसतो.

तेल. इथे सगळ्यात जास्त घाई होते. डब्ल्यूडी-४० सगळ्यांकडे असतं पण ते मुळात ओलावा हटवायला बनवलेलं आहे, नावातली पहिली दोन अक्षरं वॉटर डिस्प्लेसमेंटचीच आहेत, त्यामुळे बारीक फटीत शिरून जाम सोडवायला वेगळं पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं ते घ्या. मी घरी असिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल अर्धं-अर्धं करून वापरतो, दोन्ही एकमेकांत मिसळून राहत नाहीत म्हणून दर वेळी बाटली हलवायची, रंगावर आणि रबरावर सांडू द्यायचं नाही, आणि ते भडकन पेटतं हे लक्षात ठेवायचं. तेल टाकलं की बोल्टच्या डोक्यावर पितळेची किंवा लोखंडाची कांडी धरून लहान हातोडीनं वीस-पंचवीस टिचक्या मारा, जोरात नाही, दारावर थाप मारल्यासारख्या. त्या हादऱ्यानं पांढऱ्या थराला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, असं तीन दिवस करा. हो, तीन दिवस. बंदीचे दोन महिने हातात असताना बोल्टला तीन दिवस द्यायला काही हरकत नाही, आणि इंजिनही असं ठेवा की भोक वर राहील, म्हणजे तेल उतरतं, खालच्या भोकात टाकलेलं तेल गळून जमिनीवरच जातं.

मग पाना. पहिला जोर सोडायच्या दिशेनं नाही, आवळायच्या दिशेनं. अगदी थोडा, केसभर. कारण थर मोडायचाय, तो कुठल्याही दिशेनं मोडतो. मग सोडायच्या दिशेनं थोडा, परत आवळायच्या, परत सोडायच्या. हलला असं वाटलं की लगेच ओढत सुटू नका, पाव फेरा बाहेर, अर्धा पाव आत, थेंबभर तेल, परत. बाहेर येताना तीच भुकटी आट्यांत साचते आणि अर्ध्यावर आलेला बोल्ट तिथेच परत जाम होऊन तुटतो. माझे जेवढे बोल्ट सुरुवातीला तुटले त्यातले बरेच पहिल्या हिसक्याला नाही तुटले, निम्मे बाहेर आल्यावर तुटले.

ह्यानं होत नसेल तर हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, ज्याच्या मागे हातोडी मारली की पुढचा बिट दाबत दाबत फिरतो. त्याचा फायदा हा की दाब आणि फेरा एकाच वेळी मिळतो, म्हणून बिट खाचेतून वर चढत नाही. स्क्रूसाठी तर ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण बोल्ट ज्या कानात बसलाय तो अ‍ॅल्युमिनियमचा कान पातळ असेल तर मागून लाकडाचा ठोकळा टेकवा, नाहीतर बोल्ट राहील आणि कान तुटून पडेल. बोल्ट दहा-वीस रुपयांचा असतो, बॉडीचे हजारो जातात, आणि जुन्या मॉडेलची बॉडी मिळायची तर गोष्टच सोडा.

आता आच. ह्याच्यावर थोडं सविस्तर लिहितो कारण बहुतेक वेळा काम इथे होतं आणि बहुतेक नुकसानही इथेच होतं.

अ‍ॅल्युमिनियम गरम झाल्यावर स्टेनलेसपेक्षा जवळजवळ दीडपट फुगतं. म्हणून आच बोल्टला नाही, बोल्टच्या भोवतीच्या बॉडीला द्यायची. १५० अंशांनी तापमान वाढवलं तर ६ एमएमच्या भोकात फरक पडतो सहा-सात मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण तो कडक पांढरा थर तडकायला तेवढं पुरतं. हॉट एअर गन असेल तर ती सगळ्यात सुरक्षित. गॅसची टॉर्च वापरत असाल तर ज्योत एका जागी धरू नका, बोल्टभोवती फिरवत ठेवा, मिनिट-दीड मिनिट, आणि मध्येच पाण्याचा थेंब टाकून बघा, थेंब नाचत पळायला लागला की बास. लोखंड लाल होतं तसं अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन दाखवत नाही, ते ६६० अंशांना वितळतं आणि ओतीव अ‍ॅल्युमिनियम तर त्याच्याही आधी, दिसताना जसंच्या तसं असतं आणि एकदम खाली बसतं. लाल व्हायची वाट बघणाऱ्याची बॉडी गेलीच म्हणून समजा.

गरम असतानाच देवघरातली साधी मेणबत्ती बोल्टच्या मुळाशी टेकवा. मेण वितळून फटीत ओढलं जातं, आत शिरताना अक्षरशः दिसतं, कडेला चकचकीत रेघ येते आणि दोन सेकंदांत नाहीशी होते. ती रेघ नाहीशी झाली म्हणजे आत वाट आहे. मग थोडं थंड होऊ द्या, पाना लावा, पुढे-मागे. नाही निघाला तर परत आच, परत मेण. तीन-चार वेळा करावं लागतं. गरम बॉडीवर पाणी ओतायचं नाही, तडा जातो.

लांब बोल्ट असेल तर आच कुठे द्यायची हेही बघा. खालच्या भागाचे बोल्ट लांब असतात आणि खूपदा आट्यांत अडकलेले नसतातच, मधल्या दांडीला बॉडीच्या आरपार भोकात भुकटीनं धरलेलं असतं. लोक आट्यांपाशी आच देत बसतात आणि पकड दोन इंच वर असते. दोन्हीकडे आच द्या.

आणि आच द्यायच्या आधी: पेट्रोलची टाकी आणि नळी काढून दूर ठेवा, कार्बोरेटर रिकामा करा, असिटोनचं तेल टाकलं असेल तर पूर्ण वाळू द्या, काम उघड्यावर करा, बाजूला ओली गोणी आणि वाळूची बादली ठेवा. ब्रेक क्लीनर मारून लगेच आच देऊ नका, काही क्लीनरमध्ये क्लोरीनवालं द्रावण असतं आणि गरम झालं की जीवघेणा वायू होतो. जवळच ऑइल सील, रबराचा इंपेलर किंवा वायरिंग असेल तर ओलं फडकं गुंडाळा, सील जळालं तर गिअरच्या तेलात खारं पाणी शिरेल आणि ते कळेपर्यंत गिअर गेलेले असतील.

तरी डोकं तुटलंच तर? आधी हातातलं सगळं खाली ठेवा आणि चहा घ्या, खरंच सांगतो, कारण पुढची दहा मिनिटं सगळ्यात महागाची असतात. कव्हर हळूच काढून घ्या. डोकं गेल्यावर ताण गेलेला असतो, आणि चार-पाच एमएम दांडी बाहेर उरली असेल तर काम अजून तुमच्या हातात आहे. आच, मेण, आणि ग्रिप प्लायर कच्चून धरून पुढे-मागे. तेवढ्यानं नाही झालं तर वेल्डरकडे न्या, तो दांडीवर नट ठेवून मधून वेल्ड करतो, वेल्डची आच थेट दांडीतून आत जाते आणि गार होताना दांडी आक्रसते, नट थोडा निवला की पान्यानं दांडी निघते. वेल्डिंगच्या आधी सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि बॅटरीच्या वायरी काढून ठेवायला सांगा, अर्थिंगचा चिमटा बोल्टच्या जवळच लावायला सांगा, नाहीतर बोल्ट निघेल आणि इग्निशन जाईल.

दांडी आतच राहिली असेल तर ड्रिल. इथे मला कळकळीनं एक सांगायचंय, ६ एमएमच्या बोल्टमध्ये ईझी-आउट, म्हणजे तुटकी दांडी आतून पकडून काढायची उलट्या पिळाची काडी, घालू नका. ज्या बोल्टला डोकं असताना तुमच्या पान्यानं दाद दिली नाही, त्याला पोखरून त्यात तीन एमएमची काडी घालून तो निघणार कसा? ती काडी कडक पोलादाची असते, आत तुटली की साधा ड्रिल तिच्यावर चालतच नाही. चुलतभावाच्या ९.९ हॉर्सपॉवरच्या इंजिनाच्या थर्मोस्टॅट कव्हरमध्ये एका गॅरेजात अशी काडी तुटली होती, नारळी पौर्णिमेला चार दिवस राहिलेले, आणि सगळे बाहेर पडल्यावर त्याची होडी बारा दिवस किनाऱ्यावर होती. मोसमाची सुरुवातच कमाईची असते, त्यामुळे मी हे सहज म्हणून लिहीत नाहीये.

ड्रिलच करायचं तर बरोबर मधोमध पंच मारा, भिंगातून बघून, कारण स्टेनलेस कडक आणि अ‍ॅल्युमिनियम मऊ, ड्रिल जरा जरी सरकला तरी मऊ बाजूला पळतो. ड्रिलचा वेग कमी, दाब भरपूर, कटिंग ऑइल सतत. वेगानं फिरवलात तर स्टेनलेस घासून आणखी कडक होतं आणि मग ड्रिलच जळतो. डाव्या हाताचे उलटे ड्रिल मिळाले तर घ्या, कितीदा तरी पोखरता पोखरताच दांडी फिरून बाहेर येते. ६ एमएमच्या आट्यांना ५ एमएमचं भोक, ८ ला ६.८, मग टॅप (आटे पाडायचं हत्यार). आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायचे तारेचे नवे आटे, त्याला किटमधलाच ड्रिल वापरा.

पण ह्या ड्रिलच्या पायरीवर मी स्वतः किती तरी इंजिनं पुढे पाठवतो, आणि तुम्हीही पाठवा. हेडचे आणि क्रँककेसचे बोल्ट घरी पोखरायचे नाहीत, आत पाण्याची वाट नाहीतर सिलिंडर असतो, भिंत किती जाड आहे ते बाहेरून दिसत नाही. एकाच कव्हरचे दोन बोल्ट तुटले तर तिसऱ्याला हात लावू नका. बॉडीला केसासारखा तडा दिसला, ड्रिल मधून सरकला, आत काही तुटून राहिलं, की थांबा. इंजिन होडीवरून उतरवता येत नसेल तर होडीवर आच द्यायची नाही, फायबर आणि पेट्रोल दोन्ही जवळ आहेत. अशा वेळी साध्या गॅरेजात न देता मिलिंग मशीन असलेल्या टर्नरकडे न्या, तो बॉडी बांधून बरोबर मधोमध भोक पाडतो. ईझी-आउट किंवा टॅप आत तुटला असेल तर विचारा स्पार्क इरोजन मशीन कुणाकडे आहे, ठिणग्यांनी कडक पोलाद खाऊन काढणारं मशीन, कोल्हापूरकडे डायचं काम करणाऱ्यांकडे असतं. नेताना त्याला बोल्टचं माप, खोली आणि तुम्ही काय काय करून बघितलं ते सगळं खरं खरं सांगा. लपवलं तर तो पण तिथेच फसतो.

बोल्ट निघाला की भोकात आधी हातानं टॅप फिरवून भुकटी काढा, हवा मारा, नवा बोल्ट त्याच लांबीचा घ्या, लांब घेतला तर तळाला टेकून बॉडी फोडतो. आट्यांना आणि लांब बोल्टच्या पूर्ण दांडीला मरीन ग्रीस किंवा अ‍ॅल्युमिनियमला चालणारं अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायचा लेप) लावा, तांब्याचं नको, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमचं खाऱ्या पाण्यात स्टेनलेसहून वाईट जमतं. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरात जास्त आवळला जातो, त्यामुळे हात थोडा आखडता घ्या. पहिले चार-पाच फेरे बोटानं गेले पाहिजेत, नाही गेले तर बाहेर काढून परत लावा. काढलेले बोल्ट हरवू नयेत म्हणून मी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढतो आणि ज्या जागचा बोल्ट त्या जागी भोक पाडून खोचून ठेवतो, लांबीची गल्लत होत नाही.

जस्ताचा अ‍ॅनोड निम्मा झिजला की बदला आणि त्याला रंग कधीच लावू नका, बॉडीच्या आधी झिजायचं हेच त्याचं काम आहे आणि रंग लावला की ते काम बंद पडतं. खाडीतून आल्यावर दहा मिनिटं गोड्या पाण्यावर इंजिन चालवा. आणि दर बंदीत इंपेलर बदलायचा नसला तरी हे सगळे बोल्ट एकेक करून सोडा, ग्रीस लावा, परत बसवा, आणि कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख लिहून ठेवा. चुलतभावाच्या इंजिनावर आता अशा चार तारखा आहेत, एकाखाली एक.